डबा दिला, दार कोण देणार?

अपंगांच्या लोकल प्रवासाचा विषय काढला की समोरचा माणूस लगेच म्हणतो, ‘‘त्यांना वेगळा डबा दिलाय की!’’ हे वाक्य मी ऑफिसात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि जुम्याची नमाज आटोपून मशिदीबाहेर चपला घालतानाही ऐकलंय. म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडा हेवा असतो. आम्ही दाराला लटकून जातो, यांना बसायला मिळतं, असा. तेव्हा आज या डब्याविषयीच बोलू.

बारा डब्यांच्या लोकलमध्ये अपंगांसाठी दोन लहानसे कप्पे असतात. त्यातच कॅन्सरचे रुग्ण बसतात, गरोदर बायकाही बसतात. गाडी स्टेशनात थांबते वीस-तीस सेकंद. तेवढ्यात कुबडीवाल्याने आपला कप्पा नेमका कुठे आलाय ते हेरायचं, गाडी दहा पावलं पुढे थांबली असेल तर तिथवर पोहोचायचं, उतरणाऱ्यांना वाट द्यायची, फलाट आणि डब्यातली फट ओलांडायची आणि वर चढायचं. धडधाकट माणसालाही हे रोज जमत नाही. त्यात दारात माणसं उभी असतात. चांगली हट्टीकट्टी, पाठीला बॅग, कानात इअरफोन.

मुंब्र्यात माझा एक दोस्त राहतो. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर, एक कुबडी. मशीद बंदरला एका पेढीवर हिशेब लिहितो. मुंब्र्याला गाडी येते ती डोंबिवली-दिव्याहून भरूनच. तो सकाळी सहाला निघतो. पेढी दहाला उघडते. मधले तीन तास काय करतोस, विचारलं तर म्हणाला, ‘‘पेढीच्या ओट्यावर बसतो, भाई. आठच्या गाडीला मी चढलो तर दारातले म्हणतात, चाचा, मागच्या गाडीने या ना, रिकामी आहे. मागची गाडी रिकामी असते तर हे लोक त्या गाडीत नसते का?’’ त्याचं वय बेचाळीस आहे. कुबडी दिसली की माणूस आपोआप चाचा होतो.

तीन तास. दर दिवशी. नोकरीच्या आयुष्यात हे किती होतात याचा हिशेब तो हिशेबनीस असूनही करत नाही. सवलतीचा पास त्याला मिळतो, त्याबद्दल तो रेल्वेला दुवाही देतो. पण तिकिटाचे पैसे वाचवून देणाऱ्यांनी त्याचे तास कोणाच्या खात्यात घातले, हे कुणीतरी विचारायला हवं.

आता कायदा बघा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १५५ सांगतं, की राखीव डब्यात घुसलेला माणूस रेल्वे कर्मचाऱ्याने सांगूनही उठला नाही तर त्याला बाहेर काढता येतं आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड करता येतो. म्हणजे आधी कर्मचारी यायला हवा, मग त्याने सांगायला हवं, मग याने नकार द्यायला हवा. पाचशे ही कमाल मर्यादा आहे. त्याच कायद्यात कलम १४७ आहे, रूळ ओलांडणाऱ्यासाठी: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूल चढता येत नाही, लिफ्ट बंद आहे किंवा मुळात नाहीच, म्हणून एखादा कुबडीवाला फलाटाच्या टोकाच्या उताराने उतरून जीव मुठीत धरून रूळ पार करतो. कागदावर हा मोठा गुन्हेगार. त्याची जागा बळकावून मोबाईलवर सिरियल पाहणारा छोटा. रूळ कुणीच ओलांडू नयेत, माणसं मरतात. पण ज्याला दुसरी वाट ठेवलेली नाही त्याला कैदेचं कलम दाखवायचं, हा कुठला न्याय?

शेवटच्या मिनिटाला फलाट बदलल्याची घोषणा होते, ती आपण शिव्या घालत धावून निभावतो. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी ती गाडी तिथेच संपली. अंध प्रवाशांसाठी आपल्या फलाटांवर एक चांगली सोय आहे. त्यांचा डबा जिथे येतो तिथे टीं-टीं असा आवाज करणारं यंत्र लावलेलं असतं. त्या आवाजाच्या रोखाने काठी टेकत माणूस येतो. पण त्या आवाजाच्या आणि त्याच्या मध्ये जे दोनशे लोक उभे आहेत, त्यांना हा आवाज कशाचा हेच माहीत नसतं. मी माझ्या बरोबरच्यांना विचारून पाहिलं. वीस-वीस वर्षं लोकलने जाणारे लोक. एक म्हणाला, सिग्नल खराब असेल. पायाखालच्या त्या उठावाच्या पिवळ्या फरशीचंही तसंच. ती सजावट आहे असं समजून तिच्यावर पाट्या, गोण्या, बॅगा ठेवलेल्या असतात.

फलाटाच्या उंचीची गोष्ट तर वेगळीच सांगायला हवी. वर्षानुवर्षं ओरड होती, की फलाट खाली आणि डबा वर, मधल्या फटीत माणसं जातात. ११ जानेवारी २०१४ रोजी घाटकोपरला एका सोळा वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात गेले. मग उच्च न्यायालयाने कान उपटले आणि फलाट ९०० मिलिमीटरपर्यंत उंच करायचं काम जोराने सुरू झालं. एवढं करूनही डब्याची जमीन फलाटाच्या वरच राहते. व्हीलचेअर सरळ आत जाईल अशी पातळी काही मिळालेली नाही. या प्रकरणात माझ्या मनात अडकून राहिलेली गोष्ट ही, की जी व्यवस्था अपंगांना चढू देत नाही तीच धडधाकटांना अपंग करते. गाडीतून पडून पाय गमावलेला माणूस बरा होऊन कामावर जायला निघतो तेव्हा त्याला पुन्हा त्याच गाडीत, या वेळी एका पायाने, चढायचं असतं. जून २०२५ मध्ये मुंब्रा-दिव्याच्या वळणावर दारातले प्रवासी खाली पडले. मेलेल्यांची मोजदाद झाली. वाचलेल्यांपैकी कोण कसा जगतोय याची बातमी होत नाही.

मग शेवटचं हत्यार निघतं: गर्दी. ‘‘इतक्या गर्दीत रेल्वे तरी काय करणार?’’ गर्दी म्हणजे जणू पाऊस, अल्लाची मर्जी. ११ वर्षांहून अधिक काळ झाला मेट्रो सुरू होऊन. जून २०१४ पासून वर्सोवा-घाटकोपर मार्गावर फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, लिफ्ट आहे, व्हीलचेअरला जागा आहे. घाटकोपरला मेट्रोतून व्हीलचेअरवर उतरलेला माणूस खाली लोकलच्या फलाटावर येतो आणि तिथे शहर बदलतं. शहर तेच, गर्दी तीच, माणसंही तीच. मेट्रो नवी आहे, लोकल जुनी आहे, हे मला मान्य. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा कोणी व्हीलचेअरचा विचार केला नसणार. पण त्या काळी विजेचाही विचार केला नव्हता. १९२५ मध्ये मुंबईत गाडी विजेवर आलीच ना? नऊ डब्यांचे बारा झाले, बाराचे पंधरा झाले, एसी लोकल आली. जे करायचं ठरतं ते होतं.

टोकियोची गर्दी आपल्या गर्दीच्या तोडीची. तिथे व्हीलचेअरचा प्रवासी आला की स्टेशनातला माणूस घडीची फळी घेऊन येतो, फलाट आणि डब्यामध्ये टाकतो, त्याला आत सोडतो आणि उतरायच्या स्टेशनाला कळवतो. तिथे दुसरा माणूस फळी घेऊन उभा असतो. एक फळी, एक फोन, दोन माणसं. यात कुठलं रॉकेट आहे? आपल्याकडे निदान गर्दीच्या वेळी त्या दोन कप्प्यांसमोर एकेक जवान उभा राहिला तरी माझा दोस्त आठच्या गाडीने जाईल.

एक गोष्ट डब्याच्या आतलीही आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. थॅलेसेमिया त्यात आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स आहे. हे आजार कपाळावर लिहिलेले नसतात. अशी मुलगी अपंगांच्या डब्यात चढली की तिच्यावर आधी डोळे वटारले जातात, मग कार्ड मागितलं जातं, आणि मागणारा कधीकधी स्वतःच घुसखोर असतो. घुसखोरांमुळे खऱ्याखुऱ्या प्रवाशांनाही एकमेकांवर संशय घ्यायची सवय लागली आहे.

दरम्यान शब्द बदलला. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झालं, त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ म्हणा असं सुचवलं, आणि बघता बघता पाट्या रंगल्या. महाराष्ट्राने तर दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं काढलं. त्यात वाईट काही नाही. माझा दोस्त मात्र म्हणतो, मला लंगडा म्हण, पण गाडीत घे.

आता थोडं घरातलं. आपल्या समाजात या विषयावर बोललं की जकात आणि खैरातीची गोष्ट निघते. आम्ही तर देतोच, असं. देतो, खरंच देतो. गाडीत गाणं म्हणत येणाऱ्या अंध माणसाच्या डब्यात नाणं टाकायला आपला हात मागे राहत नाही. तोच हात पुढच्या स्टेशनावर दाराचा दांडा धरून वाट अडवतो. कुराणातली ‘अबस’ ही सूरा सगळ्यांना माहीत आहे. हजरत पैगंबर (स.) मक्केतल्या बड्या मंडळींशी बोलत असताना अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हे अंध गृहस्थ मध्येच प्रश्न विचारायला आले, तेव्हा कपाळावर एक आठी पडली. अंध माणसाला ती दिसणारही नव्हती. तरी तिची दखल घेतली गेली. पुढे हेच इब्न उम्म मक्तूम मदीनेत अजान देत आणि पैगंबर मोहिमेवर गेले की मागे त्यांच्या जागी नमाज पढवत. त्यांना खैरात मिळाली नाही, काम मिळालं. आम्ही व्याख्यानांत ही गोष्ट छान सांगतो आणि ती ऐकायला येणाऱ्या कुबडीवाल्यासाठी मशिदीच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधत नाही. वजूखाना तर विचारूच नका. रेल्वेला चार गोष्टी सुनावताना आपल्या मशिदीच्या, मदरशाच्या, शादीखान्याच्या कमिटीलाही हाच सवाल विचारला पाहिजे, आणि मी आमच्याकडे विचारला आहे. उत्तर आलं: ‘‘असे लोक येतातच किती?’’ पायऱ्याच एवढ्या ठेवल्यावर येणार कसे?

रेल्वेचंही उत्तर हेच असतं, फक्त सरकारी मराठीत. मागणी नाही, संख्या कमी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून अधिक अपंग मोजले गेले, तेही सातावरून एकवीस व्हायच्या आधी. ते फलाटावर दिसत नाहीत, कारण ते घरात आहेत, किंवा पहाटेच्या गाडीने जाऊन कुठल्या तरी ओट्यावर बसलेले आहेत.

आणि मुदतींचं काय? कायद्याखालचे नियम १५ जून २०१७ ला आले. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती पाच वर्षं २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचा नियम १५ रद्दबातल ठरवला, कारण जे बंधनकारक हवं ते त्यात नुसत्या मार्गदर्शनासारखं ठेवलं होतं. आणि केंद्राला बंधनकारक नियम करायला तीन महिने दिले. म्हणजे ‘जमेल तसं करू’ हे आता कायद्यानेही चालणार नाही. प्रवासी संघटना वेळापत्रकाच्या प्रत्येक बदलाच्या वेळी निवेदन घेऊन जातात: जादा गाड्या द्या, पंधरा डबे करा, जलद गाडीला थांबा द्या. मुंब्रा-कळवा, दिवा, बदलापूर, विरार, जिथली असेल तिथली संघटना. पुढच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर दोन कप्पे, दोन जवान आणि एक फळी लिहा. आणि ते निवेदन घेऊन जाताना बरोबर एक कुबडीवाला न्या. आठच्या गाडीने.