नावांची यादी पुरेशी नाही

गेल्या दोन महिन्यांत दोन पुस्तके वाचली. गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ आणि हमीद दलवाई यांची १९६५ सालची ‘इंधन’ ही कादंबरी. एकापाठोपाठ वाचल्याने एक मुद्दा तुमच्यासमोर मांडावासा वाटतो.

मी मूळचा भोरचा, नोकरीला पुण्यात. आमच्याकडे इतिहास नजरेसमोर उभा असतो. भोरला रोहिडा, शेजारच्या वेल्ह्यात राजगड आणि तोरणा. शिवजयंती जवळ आली की मोबाईलवर वाद पेटतात. मग आपली मुले नावे पुढे करतात: नूरखान बेग, दौलतखान, सिद्दी हिलाल, काझी हैदर. ही नावे खरी आहेत, ती माहीत असायलाच हवीत. पण पानसरे ती आपल्या बचावासाठी देत नाहीत. तेव्हाच्या लढाया राज्यासाठी होत्या, धर्मासाठी नव्हत्या, हा त्यांचा मुद्दा आहे. १६६५ साली महाराजांवर मोगली फौज घेऊन आलेले मिर्झाराजे जयसिंग हिंदूच होते.

आमच्या भोरचाच दाखला घ्या. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा कारीचे कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूने उभे राहिले. त्याच रोहिड खोऱ्यातले उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोघेही देशमुख, दोघेही हिंदू. खोपड्यांच्या वंशजांकडे आज कोणी निष्ठेचा पुरावा मागत नाही आणि मागूही नये. मग आपल्याकडेच तो का मागितला जातो? आणि मागितला की आपण लगेच यादी काढून का देतो? यादी देणारा माणूस स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो.

‘इंधन’ वाचताना हा पिंजरा दिसत नाही. आजारपणानंतर विश्रांतीसाठी कोकणातल्या आपल्या गावी आलेला एक मुसलमान माणूस गावातले जुने संबंध डोळ्यांदेखत पेटताना पाहतो. दलवाई हिंदू पात्रांचे दोष झाकत नाहीत आणि मुसलमान पात्रांचेही झाकत नाहीत. आपली माणसे किती चांगली आहेत हे त्यांना कोणाला पटवून द्यायचे नाही. ती जशी आहेत तशी, सरळ मराठीत, ते दाखवतात. बरोबरीचा नागरिक असाच लिहितो.

पानसऱ्यांचे पुस्तक जरूर वाचा, पण त्यातली नावे पाठ करून थांबू नका, त्यातला विचार घ्या. आणि त्यानंतर ‘इंधन’ वाचा. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, म्हणजे आपल्यात मराठीत लिहिणारी एक पिढी आधीच होऊन गेली आहे. भोर, नसरापूर, वेल्ह्यातल्या मुसलमान घरांविषयी, त्यांच्या धंद्यांविषयी, भांडणांविषयी, शेजाराविषयी लिहायचे काम मात्र अजून पडून आहे. ते बाहेरून येऊन कोणी करणार नाही. आपल्यालाच करावे लागेल.