दोन प्रणाली, दोन पाठपरंपरा

संगणकप्रणाली हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल याची आम्हांस कल्पना आहे. तथापि प्रणालीची आज्ञावली हीदेखील माणसांनी लिहिलेली, वाचलेली आणि वेळोवेळी दुरुस्त केलेली संहिताच असते. त्या दृष्टीने लिनक्स आणि फ्रीबीएसडी यांची तुलना उद्बोधक ठरावी.

दोहोंचे मूळ युनिक्समध्ये. ती १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून आकाराला येऊ लागली. फ्रीबीएसडी (१९९३) ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स-संस्करणाची वंशज होय. लिनक्सचे नाते रक्ताचे नाही, रीतीचे आहे. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये युनिक्सच्या धर्तीवर प्रणालीचा गाभा नव्याने लिहिला.

फ्रीबीएसडीचा गाभा, त्यावरील मूलभूत साधने आणि त्यांची माहितीपत्रे एकाच भांडारात, एकाच मंडळाच्या देखरेखीखाली सिद्ध होतात. ही संपादित प्रत. लिनक्स म्हणजे काटेकोर अर्थाने केवळ गाभा. १९८३ मध्ये घोषित झालेल्या ग्नू प्रकल्पाची व इतरांची साधने त्याला जोडून डेबियन, फेडोरा अशा अनेक प्रती तयार होतात. येथे पाठभेद हाच नियम. संपादित प्रतीत सुसंगती अधिक, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. पण प्रसार पाठभेदांचा झाला. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे. अर्थात, १९९२ ते १९९४ या काळात बर्कलीच्या संहितेवर स्वामित्वाचा खटला चालू होता, हेही या प्रसाराचे एक कारण मानले जाते.

आमच्या मते खरा भेद परवान्यात आहे. बर्कलीचा परवाना सांगतो: आमचा नामनिर्देश राखा, मग हवे ते करा, बदललेली संहिता झाकून ठेवलीत तरी चालेल. अॅपलच्या मॅक प्रणालीने फ्रीबीएसडीतून बरेच काही घेतले, ते या मुभेमुळेच. लिनक्सने १९९२ मध्ये स्वीकारलेला ग्नू परवाना अट घालतो: सुधारलेली प्रत दुसऱ्याला द्याल, तर तिची मूळ संहिताही त्याच अटींवर द्या. अट असलेले दान हे दान कसले, असा बर्कलीपंथीयांचा प्रश्न असतो. तो तर्कशुद्ध आहे. मात्र तो केवळ पहिल्या घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा विचार करतो. त्याच्याकडून पुढे घेणाऱ्याचा करीत नाही.

हा वाद आपल्या दारापासून दूर नाही. मराठी विभागांतून शब्दसूची, बोलींचे नमुने, हस्तलिखितांच्या संगणकीय प्रती तयार होत आहेत. उद्या कोणी त्या सुधारून कुलूपबंद विकल्या, तर ज्या बोलीचे शब्द त्यांच्याच नातवंडांना ते विकत घ्यावे लागतील. मराठी विकिपीडियाचा मजकूर 'श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या' या परवान्याखाली आहे, तो याच विचाराने. म्हणून सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाच्या पहिल्या पानावर आपणही ही अट छापावी, असे आमचे मत आहे. संपादनाची शिस्त फ्रीबीएसडीकडून जरूर घ्यावी. वारशाची अट मात्र लिनक्सचीच असावी.