सावकाश, निधान!

1908 साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची मोठी चाचणी झाली. 620 मैल आणि सहा घाट! तीत गाजलेली रोल्स-रॉईस ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. तिच्या गिअरना सिंक्रोमेश नव्हतं. ते 1928 मध्ये कॅडिलॅकने आणलं. तोवर क्लच दोनदा दाबून वेग जुळवायची कसरत होती.

त्याच ग्वाल्हेरात, लष्कर भागात, माझी आत्या राहते. माहेर बेळगावचं, म्हणून घरात मराठी, बाजारात हिंदी आणि रागावली की कन्नड. सासऱ्यांची 1957 ची फियाट अकराशे तिच्या दारात आहे. जाणकार तिला विंटेज म्हणणार नाहीत, क्लासिक म्हणतील. आत्या ‘आमची गाडी’ म्हणते. गेल्या हिवाळ्यात बेअरिंग घरघरू लागलं आणि गिअरबॉक्स उतरवावा लागला. आतेभावाने सांगून टाकलं, नीट बसला तर ठीक, नाहीतर भंगारवाला बोलावतो.

बेअरिंग बदलणं सोपं हो. कसोटी लागते ती परत बसवताना. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून जाऊन फ्लायव्हीलच्या मधल्या बुशमध्ये शिरायला हवा. प्लेट जराशी सरकलेली असली तरी अडतो. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एक जुना शाफ्ट जपून ठेवला होता. तो घालून त्यांनी प्लेट मध्यावर आणली, मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले. तरीही शेवटी दोन बोटं अंतर उरलंच. पोऱ्या म्हणाला, बोल्ट लावून ओढून घेऊ. मिस्त्रींनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. असं ओढलं की प्लेटचा मध्य वाकतो. गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकलं तरी तेच. मग जॅकवर तोल सांभाळून गिअर टाकला आणि मी मागचं टोक हलकेच फिरवत राहिलो.

दारातून आत्याचा घोष चालूच, “सावकाश! निधान, निधान!” आपल्याकडे ‘सावकाश’ दोन्ही भाषांत चालतो. मिस्त्रींना एकही येत नाही, पण त्यांनी मान डोलावली. खाचा जुळल्या आणि गिअरबॉक्स आपसूक आत गेला.

तेल भरून महाराज बाड्यापर्यंत फेरी मारली. पहिला गिअर थांबूनच टाकायचा, कारण त्याला अजूनही सिंक्रोमेश नाही. दुसऱ्या दिवशी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर तेलाचे दोन थेंब दिसले. मिस्त्री म्हणाले, या वयात एवढं चालतंच. आतेभावाने भंगारवाल्याचं नाव काढलं नाही.