‘कथा चालना?’ ऐकून हसू येतं? मग हे वाचा

नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडवर सटाण्याच्या गाडीची वाट बघत एक मुलगा फोनवर बोलत होता. पलीकडे बहुतेक आई असावी. अहिराणीत निवांत गप्पा चालल्या होत्या. शेजारी कॉलेजच्या पोरांचा ग्रुप उभा होता. त्यातल्या एकाने त्याची नक्कल केली, ‘शे, शे!’ बाकीचे हसले. मुलाने आवाज खाली आणला, शुद्ध मराठीत ‘नंतर करतो फोन’ म्हणाला आणि कॉल कट केला.

कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. पण आईशी चाललेलं बोलणं मध्येच तुटलं. आजचा विषय तोच आहे. बोलीतल्या गमतीदार शब्दांवर हसणं आणि ते बोलणाऱ्याला हसणं, यात फरक काय?

आधी हसून घेऊ

शब्द गमतीदार आहेत हे मान्यच. नाशिक जिल्ह्यात मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या भागांत आणि पुढे धुळे, जळगाव, नंदुरबारपर्यंत अहिराणी बोलली जाते. तिथले काही शब्द प्रमाण मराठीवाल्याची हमखास विकेट काढतात.

कथा: आपल्यासाठी गोष्ट, अहिराणीत ‘कुठे’. ‘कथा चालना?’ म्हणजे ‘कुठे चाललास?’

गंज: आपल्याकडे लोखंडाला चढतो. विदर्भात तो स्वयंपाकघरातलं पातेलं असतो. अहिराणीत मात्र गंज म्हणजे खूप. ‘माले गंज काम शे’ म्हणजे ‘मला खूप काम आहे’.

वावर: पुस्तकी मराठीत एखाद्याचा वावर ‘असतो’. खेड्यात वावर नांगरतात, कारण वावर म्हणजे शेत. ‘वावर आहे तर पॉवर आहे’ हे ट्रॅक्टरमागचं वाक्य त्यातूनच आलं.

आंडोर आणि आंडेर: मुलगा आणि मुलगी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अंड्याशी काही संबंध वाटतो. तसा तो नाही.

कोकणात गेलात तर ‘झील’ म्हणजे तलाव नाही, मुलगा. आणि ‘गजाली’ म्हणजे गप्पा.

हे सगळं स्लँग आहे का?

नाही. इथेच घोळ होतो. रीलमध्ये कोल्हापूरचं ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’ आणि खानदेशातलं ‘आंडोर’ एकाच डब्यात टाकलं जातं. पण ‘विषय हार्ड’ हे स्लँग आहे. पोरांनी तयार केलं, आज चालतंय, दहा वर्षांनी कदाचित जुनं वाटेल. ‘आंडोर’ मात्र आजीच्या आजीनेही वापरलेला साधा शब्द आहे. त्यात स्टाइल मारण्याचा काही हेतू नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे व्याकरण. स्लँग उधारीच्या व्याकरणावर चालतं, बोलीचं व्याकरण स्वतःचं असतं. अहिराणीत ‘माझा, तुझा’चं ‘मना, तुना’ होतं, ‘मला, तुला’चं ‘माले, तुले’ आणि ‘आहे’चं ‘शे’. हे दरवेळी, ठरलेल्या नियमाने होतं. चूक कधी एवढी शिस्तीत होत नाही.

आता नाशिककरांनी स्वतःचं बोलणं तपासावं. पुण्यात विचारतात, ‘काय करतोय?’ नाशिकमध्ये सर्रास ऐकू येतं, ‘काय करू राहिला?’ नागपुरात ‘काय करून राहिला?’ आणि अहिराणीत ‘काय करी राह्यना?’ चालू असलेली क्रिया दाखवायला ‘राहणे’ वापरायची ही एकच युक्ती आहे. हिंदीतलं ‘कर रहा है’ तसंच. म्हणजे सटाण्याच्या पोराला हसणारा नाशिकचा पोरगा पुण्यात गेल्यावर त्याच कारणासाठी हसू ओढवून घेणार. मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये ते ओढवून घेतलेलं आहे. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत माझं ‘करू राहिलो’ बंद झालं. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआपच.

स्कॉटलंडमध्ये काय झालं?

हाच खेळ जगात दुसरीकडेही झाला आहे. स्कॉटलंडची ‘स्कॉट्स’ ही इंग्रजीची सख्खी बहीण. तिचेही शब्द इंटरनेटवर गंमत म्हणून फिरतात. तिथे ‘मेसेजेस’ आणायला जाणं म्हणजे किराणा आणायला जाणं. ‘पीस’ म्हणजे सँडविच. आभाळ भरलेलं, पाऊस रिपरिप, अंगात गारठा अशा हवेला एकच शब्द आहे, ‘ड्रीख’. जुलैमधल्या इगतपुरीसाठी तो उसना घ्यायला हरकत नाही. ३१ डिसेंबरला जगभर गायलं जाणारं ‘ऑल्ड लँग साइन’ हे रॉबर्ट बर्न्सचं गाणंही स्कॉट्समधलंच.

तरीही ‘ही भाषा नाही, बिघडलेली इंग्रजी आहे’ हे तिथल्या पिढ्यांनी ऐकलं. त्याचा कळस २०२० मध्ये दिसला. स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकी मुलाने लिहिल्याचं उघड झालं. त्याला ही भाषा येत नव्हती. इंग्रजी वाक्यांचं स्पेलिंग गमतीदार करून तो लिहीत गेला आणि वर्षानुवर्षं ते खपून गेलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण भाषेकडे फक्त ‘फनी’ म्हणून बघायची सवय लागली की खरं कोणतं आणि नक्कल कोणती, हेच कळेनासं होतं. आपल्याकडे ‘ले’, ‘शे’ चिकटवून केलेली खोटी अहिराणी रीलवर बघताना हा किस्सा आठवावा.

मग आकडे काय म्हणतात?

२०११ च्या स्कॉटलंडच्या जनगणनेत १५ लाखांहून अधिक लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं सांगितलं. त्याच वर्षीच्या भारताच्या जनगणनेत ‘खानदेशी’ या गटात, ज्यात अहिराणी येते, १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे. दोन्हीकडचे प्रश्न सारखे नव्हते, तरी अंदाज येतो. आपली भाषा लहान नाही. शिवाय घरी अहिराणी बोलून मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिणारे या आकड्यात आलेलेच नाहीत.

२०२५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून स्कॉट्सला अधिकृत दर्जा दिला. आपल्याकडे ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ मध्येच खानदेशीची मराठीपासून वेगळी नोंद केली होती. पण अहिराणी भाषा की बोली, हा वाद अजून संपत नाही. माझ्या मते तो वाद अभ्यासकांनी घालावा. घरात अहिराणी बोलायला निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही.

मराठीचं नुकसान होईल?

ही शंका प्रामाणिक आहे. बोलींना वेगळं मोजलं तर मराठी तुकड्यांत वाटली जाईल, असं काहींना वाटतं. पण २०११ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते. १८ लाखांनी तिला धक्का लागत नाही. उलट बोलींनी मराठीला दिलंच आहे. अख्खा महाराष्ट्र शाळेत बहिणाबाई चौधरी शिकतो. त्यांची गाणी खानदेशातल्याच दुसऱ्या एका, लेवा बोलीतली. ती ‘शुद्ध’ करून छापली असती तर आज कोणाच्या लक्षात राहिली असती?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यातून जे काम उभं राहील, त्यात बोलींचा वाटा हवा. नवं शिक्षण धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. सटाण्यातल्या अनेक घरांची भाषा कोणती, हे पहिलीच्या वर्गात आधी विचारलं पाहिजे.

आपण काय करू शकतो?

दोन गोष्टी, दोन्ही फुकट. एक, आजी-आजोबांकडून एखादी गोष्ट त्यांच्या बोलीत सांगून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचं सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणं ऑनलाइन ठेवली आहेत. आपल्या भागाचं बोलणं त्यात ऐकून बघा.

दोन, २०२७ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली की घरात जी बोलता तीच सांगा. अहिराणी असेल तर अहिराणी. मराठी येते हे सांगायला येणाऱ्या इतर भाषांची जागा मागच्या जनगणनेतही होती.

आणि स्टँडवर कोणी ‘कथा चालना?’ म्हणालं, तर नक्कल करण्याआधी उत्तर द्या. त्याने फक्त कुठे चाललात एवढंच विचारलं आहे.