‘करू दिले’ की ‘करायला लावले’?

जपानला कुशल मनुष्यबळ पाठवण्याची भाषा आता घोषणांपुरती राहिलेली नाही. ‘विनिर्दिष्ट कुशल कामगार’ योजनेबाबत जानेवारी २०२१ मध्ये उभय देशांत करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत ५० हजार कुशल व होतकरू भारतीयांना जपानमध्ये नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे वळणाऱ्या तरुण कामगाराला या आकड्यात आपले भवितव्य दिसावे, यात नवल नाही. मात्र त्याच्या वाटेतील अडसर जेवढा पैशाचा आहे, तेवढाच क्रियापदांचाही आहे.

या योजनेतील बहुतेक क्षेत्रांसाठी जपानी भाषा परीक्षेची एन-४ पातळी किंवा तत्सम परीक्षा पुरेशी मानली जाते. ‘मिन्ना नो निहोंगो’ या प्रचलित पाठ्यपुस्तकाच्या प्राथमिक भागांत एकूण ५० पाठ आहेत. त्यांत कर्मणी रूप ३७व्या पाठात आणि प्रयोजक रूप थेट ४८व्या पाठात येते. परीक्षेच्या घाईत शेवटचे पाठ उरकले जाण्याचा धोका उघड आहे. शिवाय एन-४ ही पर्याय निवडण्याची परीक्षा आहे. तीत बोलण्याची वा लिहिण्याची कसोटीच नाही. उत्तीर्ण झालेला विद्यार्थी ही रूपे ओळखेल, पण वेळप्रसंगी ती उच्चारू शकेलच, याची शाश्वती नाही.

आणि तशी वेळ येते. ‘झांग्यो ओ सासेरारेता’ म्हणजे ‘मला जादा काम करायला लावले गेले’. ‘झांग्यो ओ सासेते मोरात्ता’ म्हणजे ‘मला जादा काम करू दिले गेले’, तेही उपकार म्हणून. काम तेच, तास तेवढेच. परंतु पहिले वाक्य तक्रार आहे आणि दुसरे कृतज्ञता. जपानी प्रयोजक रूप सक्ती आणि परवानगी या दोहोंना एकच असते. भेद ठरतो तो संदर्भाने आणि पुढे जोडलेल्या क्रियापदाने. कामगार-निरीक्षकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने चुकीचे रूप वापरले, तर आपलीच बाजू तो आपल्याच तोंडाने दुबळी करतो. श्रमाच्या बाजारात मजूर आणि मालक यांचे सामर्थ्य मुळातच विषम असते; भाषेचे अज्ञान त्या विषमतेत भर घालते.

खेदाची गोष्ट अशी की, ही रूपे समजून घेण्याचे साधन मराठी विद्यार्थ्याच्या घरातच आहे. प्रयोजक क्रियापद, शक्य क्रियापद, कर्मणी प्रयोग या संज्ञा त्याने शाळेत घोकलेल्या असतात. ‘आई बाळाला चालवते’ आणि ‘मला आता चालवते’ या वाक्यांत एकच रूप दोन अर्थ वाहते, हे त्याला ठाऊक असते. मग ‘ताबेरारेरु’ म्हणजे ‘खाल्ले जाते’ आणि ‘खाता येते’ असे दोन्ही, याचे त्याला नवल का वाटावे? ‘करून देणे’ आणि ‘करून घेणे’ ही जोडी तर ‘-ते आगेरु’ आणि ‘-ते मोराउ’ यांच्या अगदी शेजारची. असे असता इंग्रजीच्या आडवळणाने त्याला जपानीकडे नेण्यात कोणते शहाणपण आहे?

साम्य सर्वत्र नाही, हेही मान्य केले पाहिजे. आपले ‘देणे’ एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिले तर ‘आगेरु’ आणि दुसऱ्याने मला दिले तर ‘कुरेरु’. ‘पावसाने मला गाठले’ हे जपानी माणूस ‘आमे नि फुरारेता’ अशा कर्मणी रूपात सांगतो. ‘पडणे’ या अकर्मक क्रियापदाचा असा प्रयोग मराठीत होत नाही. परंतु साम्य कोठे संपते हे दाखवणे, हेच शिक्षकाचे खरे काम नव्हे काय?

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांच्यामुळे जपानीच्या अध्यापनाची परंपरा आहे. तिचा लाभ औद्योगिक पट्ट्यातील कामगारापर्यंत मराठीतून पोहोचला पाहिजे, आणि प्रस्थानापूर्वी त्याची तोंडी परीक्षा झाली पाहिजे. परदेशी जाणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र असणे पुरेसे नाही; आपण स्वेच्छेने काम केले की ते आपल्याकडून करवून घेतले गेले, हे सांगण्याइतकी भाषा त्याच्या मुखी असली पाहिजे.