अर्ध्यावर बदललेला दंतवैद्य

वडिलांची बदली झाली म्हणजे मुलाची शाळा बदलते; दातांना तारा बसविलेल्या असल्यास दंतवैद्यही बदलतो. शाळेचा दाखला आपण न विसरता घेतो, दातांचा मात्र घेत नाही.

तारेच्या दाबाने दात हाडातून वाट काढीत सरकतो. दाबाच्या बाजूचे हाड विरते, ताणाच्या बाजूस नवे भरते. हे कार्य बहुधा दीड-दोन वर्षे चालते. तार ज्या खोबणीत बसते ती कोठे ०.०१८ इंच रुंद असते, तर कोठे ०.०२२ इंच. फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा! पण जाड तार अरुंद खोबणीत शिरावयाची नाही, आणि बारीक तार रुंद खोबणीत सैल राहून दाताचा कल पुरता सुधारावयाची नाही. नव्या वैद्याने सर्व ब्रॅकेट काढून पुन्हा बसविले, की पालकांस तो पैशाचा लोभ वाटतो. नेहमीच तसे नसते.

म्हणून प्रारंभीचे प्लास्टरचे साचे, क्ष-किरण चित्रे, खोबणीचे माप, कोणते दात काढले व का, हे सारे निघण्यापूर्वीच मागून घ्यावे. त्यात अविश्वास नाही. किंबहुना न मागता देणे हे पहिल्या वैद्याचे कर्तव्यच होय, असे मी मानतो. दिलेल्या शुल्काचा हिशेबही तेव्हाच लेखी घ्यावा, कारण नव्या गावी त्याची पहिली चौकशी होते.