सगळ्यात भारी फ्लॉइड कुठला?

छान जमलेली रविवार संध्याकाळ पाच मिनिटांत नासवायचा एक हमखास फंडा माझ्याकडे आहे. चार फ्लॉइडवेडे एका खोलीत बसवायचे, गॅसवर चहा ठेवायचा आणि अगदी साळसूदपणे विचारायचं, 'काय रे, पिंक फ्लॉइडचा बेस्ट अल्बम कुठला?' बस्स. चहा उतू जातो, ओट्यावरून खाली ओघळतो, पण उठून गॅस बंद करायला कुणी तयार नसतं. कारण उठलं की आपला मुद्दा गेला!

आमच्या ग्रुपमध्ये हा वाद कॉलेजपासून चालू आहे. मध्ये लग्नं झाली, होम लोन झालं, एकाचं स्टार्टअप बुडालं, दुसऱ्याचे केस गेले. वाद जागच्या जागी. (आणि हो, 'मुलगी असून फ्लॉइड?' हा प्रश्न मला आजवर इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तराचं एक छापील कार्डच करून ठेवावं म्हणते.)

तर, पंथ साधारण असे. सगळ्यात मोठा पंथ 'डार्क साइड'वाल्यांचा. यांच्याकडे त्रिकोणी काचेतून इंद्रधनुष्य निघणारा काळा टी-शर्ट असतो. अर्थात हा टी-शर्ट असलेल्या दहातल्या सहांनी अल्बम पूर्ण ऐकलेला नसतो, पण ते असो. या लोकांशी भांडणं अवघड, कारण त्यांच्याकडे आकडे आहेत. 'द डार्क साइड ऑफ द मून' आला मार्च १९७३ मध्ये. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात तो ७४१ आठवडे होता. गंमत म्हणजे त्यातला पहिल्या नंबरवरचा आठवडा फक्त एक! मला हे फार आवडतं. वर्गात पहिला कधीतरी एकदाच आला, पण पंधरा वर्षं शाळा सोडली नाही, असा तो मुलगा.

आणि तो घासूनपुसून लख्ख आहे, हे मीही मान्य करते. रेकॉर्डिंगला बसण्याआधीच, १९७२ च्या सुरुवातीपासून, हा सगळा ऐवज ते स्टेजवर वाजवत होते. म्हणजे लोकांसमोर तालीम करून मग स्टुडिओत गेले. मधूनमधून बोलण्याचे जे तुकडे ऐकू येतात ते ॲबी रोड स्टुडिओत सापडलेल्या लोकांचे. कार्डावर प्रश्न लिहून ज्याला त्याला विचारले, अगदी दारावरच्या माणसालाही. पॉल मॅकार्टनीनंही उत्तरं दिली होती, ती घेतली नाहीत. दारावरचा माणूस मात्र अल्बममध्ये अमर झाला. ते शब्दांशिवायचं आकांतासारखं गाणं गायलं क्लेअर टोरीनं, एका रविवारी, ३० पौंडांत. २००४ साली ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून संगीतकार म्हणून राइटच्या शेजारी तिचंही नाव लागतं. बत्तीस वर्षं लागली. आमच्यातल्या 'डार्क साइड'वाल्याला मी दर वेळी हे ऐकवते, आणि तो दर वेळी म्हणतो, 'अगं, पण गाणं ऐक ना!' ऐकते की. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्सनं मुंबईत, बीकेसीच्या मैदानात हा अख्खा अल्बम वाजवला तेव्हा आम्ही सगळे तिथे होतो. पहाटेच्या शिवनेरीनं परत येताना गाडीत आम्हीच तेवढे जागे होतो आणि अर्थातच भांडत होतो.

'द वॉल'वाल्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. हा होस्टेलचा आजार आहे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, एक-दोन विषय राहिले की होतो आणि पहिल्या पगारानंतर बहुतेकांचा बरा होतो. १९७९ चा हा डबल अल्बम, त्यात 'कम्फर्टेबली नम्ब'चा तो गिटार सोलो आहे म्हणून सगळे गुन्हे माफ, नाहीतर दोनातला एक चकत्या कमी करता आली असती. शिवाय हा अल्बम बनत असतानाच वॉटर्सनं की-बोर्डवाल्या रिचर्ड राइटला बँडमधून काढलं आणि मग दौऱ्यावर पगारी वादक म्हणून नेलं. ते अफाट खर्चिक शो तोट्यात गेले. मालक असलेल्या तिघांना भुर्दंड पडला आणि पैसे सुटले ते एकट्या राइटला. काव्यगत न्याय वगैरे म्हणतात तो हाच असावा.

खरी मजा 'ॲनिमल्स'वाल्यासोबत. आमचा हा प्राणी एका आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. जानेवारी १९७७ चा अल्बम, ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'वरून घेतलेली कल्पना, कुत्रे, डुकरं आणि मेंढ्या अशी माणसांची वाटणी. 'डॉग्ज' सतरा मिनिटांचं. हा म्हणतो, 'ॲप्रेझलच्या सीझनमध्ये मी दुसरं काही ऐकूच शकत नाही. वीस जणांची रेटिंग्ज भरायची, त्यातल्या दोघांना खाली ढकलायचंच असतं, आणि घरी येताना गाडीत डॉग्ज. मला आरशात बघितल्यासारखं होतं.' मी विचारते, 'मग सोडत का नाहीस?' तो म्हणतो, 'ईएमआय.' संपला विषय.

कव्हरवरच्या डुकराची गोष्ट तर तो लग्नाच्या पंगतीतही सांगेल. डिसेंबर १९७६ मध्ये लंडनच्या बॅटरसी पॉवर स्टेशनच्या चिमण्यांमध्ये बारा मीटरचं फुगवलेलं डुक्कर चढवलं. पहिल्या दिवशी, सुटलंच तर पाडायला म्हणून बंदूकवाला ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचं राहून गेलं आणि नेमकं तेव्हाच ते सुटलं! हीथ्रोची विमानं खोळंबली आणि डुक्कर जाऊन उतरलं केंटमधल्या एका शेतात. आज त्याच पॉवर स्टेशनमध्ये मॉल आहे, महागडे फ्लॅट आहेत आणि ॲपलचं ऑफिस आहे. 'बघ,' आमचा मॅनेजर म्हणतो, 'अल्बम खरा ठरला की नाही?' यावर माझ्याकडे उत्तर नसतं. फक्त एवढंच म्हणते की या अल्बमवर गीतकार-संगीतकार म्हणून राइटचं नाव पहिल्यांदाच कुठेही नाही, आणि ते ऐकू येतं. सगळं टोकदार आहे, पण खोलीत गारठा आहे.

माझं मत ठरलेलं आहे. 'विश यू वेअर हिअर', १९७५.

सिड बॅरेट हा बँडचा पहिला म्होरक्या. गाणी त्याची, चेहरा त्याचा. मग तो आतून विस्कटत गेला आणि १९६८ मध्ये त्याच्याशिवायच गाडी पुढे निघाली. सात वर्षांनी हे लोक ॲबी रोडला त्याच्यावरचंच गाणं मिक्स करत असताना एक जाडसर, टक्कल केलेला, भुवयाही काढलेला माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. तो सिड होता. हे माहीत असताना 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'ची ती पहिली चार मिनिटं ऐकून बघा, जिथे राइटचा की-बोर्ड नुसता धुक्यासारखा पसरत राहतो. गिलमूर आणि राइट दोघांनीही हाच अल्बम आपला आवडता म्हणून सांगितलेला आहे. बँडमधली दोन मतं माझ्या खिशात! आणखी काय पाहिजे?

पण आमच्यात एक पाचवा आहे. दोन वर्षांपूर्वी तो ऑफिसला जायचा थांबला, मग घराबाहेर पडायचा, मग फोन उचलायचा. उपचार चालू आहेत, आता बराच सावरलाय. बोलतो कमी. रविवारी येतो, कोपऱ्यातल्या बीन बॅगवर बसतो, भेळेतल्या कैऱ्या वेचून खातो. 'कसा आहेस?' विचारलं की 'ठीक' एवढंच. पण फ्लॉइडवर मात्र भांडतो. म्हणून खरं सांगू? हल्ली वाद आम्ही मुद्दाम काढतो.

त्याचं मत 'मेडल'ला, १९७१. आम्ही हसतो, कारण त्यात 'सीमस' नावाचं एक गाणं आहे ज्यात चक्क एक कुत्रा रडतो. 'कुत्रा सोडून बोला,' तो म्हणतो. 'एकोज बघा. तेवीस मिनिटं. काहीच नव्हतं यांच्याकडे. तुकडे रेकॉर्ड करत होते आणि त्यांना नावंही नथिंग एक, नथिंग दोन अशी देत होते, चोविसापर्यंत. मग राइटनं पियानोचा एक सूर लेस्ली स्पीकरमधून काढला, टिंग. त्यावर सगळं उभं राहिलं. नावं चौघांची. कुणी मालक नाही.'

गेल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे सिडची गोष्ट काढली. तो ऐकत होता. मग म्हणाला, 'तुझ्या अल्बमचा मला प्रॉब्लेम माहितीये काय आहे? माणूस समोर उभा होता. आणि हे त्याच्या नसण्यावर गाणं करत होते.'

खोलीत एकदम शांतता. मॅनेजर मोबाइल बघायला लागला.

'अरे, पण त्यांनी सोडलं नव्हतं त्याला,' मी म्हटलं. 'रॉयल्टी त्याला नीट पोहोचते की नाही हे गिलमूर बघायचा. २००६ मध्ये तो जाईपर्यंत.'

'बरं केलं,' तो म्हणाला. 'पैसे लागतातच. पण चहाला कोण जायचं?'

मी माझं मत बदललेलं नाही. 'विश यू' अजूनही पहिला, 'मेडल' फार तर तिसरा, आणि कुत्र्याचे मार्क मी कापणारच. पण पुढच्या रविवारी वाद त्याच्या घरी आहे. त्यानं स्वतःच सांगितलं. आपलं जुनं टर्नटेबल काढून ठेवतो म्हणाला, फक्त त्याची सुई कुणीतरी आणायची. 'डार्क साइड'वाल्याकडे एक जास्तीची आहे, पण तो म्हणतो, पहिली रेकॉर्ड त्याची लागणार असेल तरच देईन.